लॉन्ड्रीच्या वळणापलीकडे

गाडी चालू होत होती, हीच खरी पंचाईत होती. चालूच झाली नसती, तर टेलरबाईंनी आठवडाभर खटपट करून हात टेकले असते आणि हँडलवर ओले टॉवेल वाळत घातले असते. पण ही मोटरसायकल दुसऱ्या-तिसऱ्या किकला शहाण्या मुलासारखी जागी व्हायची, दारातून ऐटीत निघायची, गल्ली, मोठा रस्ता, पाण्याची टाकी, शाळेची लांबच लांब भिंत, सगळं विनातक्रार मागे टाकायची आणि लॉन्ड्रीच्या वळणावर, चढ सुरू व्हायच्या तोंडाशी, दोनदा शिंकून, एकदा खोकून, ठार बंद पडायची.

लॉन्ड्रीवाल्याने आता बाहेर एक खुर्चीच टाकून ठेवली होती.

"या टेलरबाई," तो इस्त्री न थांबवता म्हणायचा. "आज जरा उशीर केलात."

"आज वळणाच्या दोन हात पुढे गेले," टेलरबाई हेल्मेट काढत म्हणायच्या. "बघा हवं तर मोजून."

"मोजायचं काय त्यात. या वेगाने एक ना एक दिवस हॉस्पिटलात पोचालच. पेशंट म्हणून नको, एवढंच."

खुर्चीत घटकाभर बसायचं, घाम पुसायचा आणि मग ते धूड ढकलत घरी आणायचं. गाडी निवली की पुन्हा चालू व्हायची, पण चार घरं चालून परत मान टाकायची. त्यापेक्षा ढकललेली बरी. शाळेच्या भिंतीपाशी पोरं टाळ्या वाजवायची. टेलरबाई त्यांना हात करून दाखवायच्या, मिरवणुकीत निघाल्यासारख्या.

हॉस्पिटल त्या चढाच्या वर होतं. पेशंटचे गाऊन, चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनवाल्यांचे हिरवे डगले टेलरबाई शिवायच्या, घरातच, पुढच्या खोलीत. दर सोमवारी सकाळी तयार कपड्यांचे गठ्ठे हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये पोचायचे. वर्षानुवर्षं ते काम मिस्टरांचं होतं आणि या मोटरसायकलचं. पुढे मिस्टरांचे डोळे गेले. म्हणजे पुरते नाही गेले. कडेचं दिसायचं, समोरचं दिसेनासं झालं. "सिग्नल दिसत नाही, सिग्नलखाली कोण शिट्टी फुंकतंय ते दिसतं," असं ते सगळ्यांना हसत सांगायचे. पण गाडीची किल्ली त्यांनी स्वतःहून काढून ठेवली आणि त्या दिवशी ते हसले नाहीत.

तेव्हापासून गठ्ठे धाकट्या दिरांच्या मोटारीतून जाऊ लागले. सुरुवातीला ती मदत होती. "वहिनी, तुम्ही फक्त शिवा, बाकी माझ्यावर सोडा," असं भाऊजी म्हणाले होते आणि टेलरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग भाऊजी स्टोअरमध्ये गठ्ठे टाकून लगेच निघेनासे झाले. तिथल्या खुर्चीत बसू लागले. मग "वहिनींचे गाऊन" जाऊन "आपले गाऊन" झाले. मग एक दिवस, टेलरबाईंना न विचारता, गाऊनच्या पाठीला नाड्यांऐवजी टिचबटणं लावायचं ते कबूल करून आले. टिचबटणं लवकर लागतात, दिसतातही छान. फक्त पेशंट पाठीवर झोपतो, हे भाऊजींच्या लक्षात आलं नव्हतं. टेलरबाई भांडल्या. भाऊजी म्हणाले, "अहो, धंद्यात थोडं बदलावं लागतं."

आणि आता त्यांनी शेड घेतली होती.

"एका ओळीत मशीनं, वर पंखे, कोपऱ्यात चहाची सोय," ते टेलरबाईंच्या कटिंगच्या टेबलावर टेकून सांगत होते. "तुमची दोन्ही मशीनं तिकडे आणायची. पाच-सहा मुली ठेवू. तुम्ही त्यांच्यावर देखरेख करायची. नुसती खुर्ची."

"आणि शिवायचं कसं, काय, कधी ते कोण ठरवणार?"

"मी आहे ना."

"उठा जरा, कापड चुरगळतंय," टेलरबाई म्हणाल्या. "मला माझी खोली बरी आहे."

भाऊजी उठले, पण विषय तिथेच राहिला. "वहिनी, तुमच्या भल्याचं सांगतोय. मोटार एक, मी एकटा. शेडचा माल नेऊ की घरचा? हा सोमवार नेतो, पुढच्या सोमवारीही नेईन, पण आधी शेडचं हो म्हणा. सोमवार चुकला तर स्टोअरवाल्या बाई काही थांबायच्या नाहीत, दुसऱ्याला काम देतील." मग त्यांची नजर खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या चादरींच्या चिंध्यांनी शिवलेल्या खोळीखाली उभ्या असलेल्या मोटरसायकलवर गेली. "नाही म्हणत असाल तर मग ह्या म्हातारीवर न्या बुवा."

ते स्वतःच हसले.

"नेते," टेलरबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीतून मिस्टरांचा आवाज आला, "तिला चालवता येते रे. मीच शिकवलीय. उतारावर तीच मला ओरडायची."

एखादा सोमवार भाड्याच्या टेम्पोवर निभावला असता. पण दर आठवड्याला दुसऱ्याच्या गाडीसाठी दारात उभं राहायचं, तर भाऊजींची मोटार काय वाईट होती? टेलरबाईंना स्वतःचं काम स्वतः नेऊन स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. त्यासाठी गाडी चालू होऊन भागणार नव्हतं. ती पोचली पाहिजे होती. आणि पुढच्या सोमवारीही, आणि त्याच्या पुढच्याही.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने फोनवरच निकाल लावला. "बाई, आता या मॉडेलचे सुटे भाग मिळत नाहीत. भंगारात द्या."

"सुटे भाग मागितलेत कुणी? कुठला स्क्रू उलटा फिरतो तेवढं सांगा."

त्याने सांगितलं, हसत हसत, पण सांगितलं. बाकीचं टेलरबाईंनी पाना हातात घेऊन शोधलं. लहानपणापासून त्या मशीनं खोलत आल्या होत्या. शिलाई मशीन काय आणि हे काय, शेवटी एक गोष्ट फिरते म्हणून दुसरी हलते. त्यांनी पेट्रोलची टाकी काढून तिच्यातला गंज साखळीचे तुकडे आणि रॉकेल घालून, खळखळा हलवून काढला. कार्बोरेटर उघडून त्याची केसाएवढी भोकं तांब्याच्या तारेने साफ केली. सुईने नाही, सुईने भोक मोठं होतं. नवा प्लग, नवी पेट्रोलची नळी, ब्रेकची नवी केबल. पुढच्या खोलीत एकीकडे गाऊनचे ढीग आणि दुसरीकडे जमिनीवर पसरलेल्या जुन्या चादरीवर नट-बोल्ट, ओळीने, काढलेल्या क्रमाने. कुणी मधून चालत गेलं की टेलरबाई टेपने मारायच्या.

इंजिनाच्या बाजूला एक गोल झाकण होतं. ते उघडलं तर आत दोन छोटी धातूची टोकं, उघडमीट करणारी. ती उघडली की प्लगमध्ये ठिणगी पडते, हे लेकीने समजावून सांगितलं. गॅरेजवाले त्यांना पॉइंट म्हणतात. आणि त्या पॉइंटच्या अगदी शेजारी, फिरणाऱ्या भागाला टेकलेला, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक बोटभर तुकडा. तो पाहून टेलरबाईंना परक्या गावात माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. अगदी असाच तुकडा त्यांच्या मशीनच्या पोटात होता. त्याला तेल पाजायचं असतं, तो पिऊन ठेवतो आणि लागेल तसं पुरवतो. हा बिचारा कोरडा ठणठणीत पडला होता.

"बघा, किती वर्षं उपाशी ठेवलंत याला," त्या मिस्टरांना म्हणाल्या.

तेलाच्या बाबतीत टेलरबाईंचा हात कोणी धरू शकत नव्हतं. घरात जे जे हलतं त्याला दर रविवारी तेल मिळायचं. दोन्ही मशीनं, कात्र्या, पंखा, दाराच्या बिजागऱ्या, खिडकीची कडी. मिस्टर म्हणायचे, "मी रविवारी फार हालचाल करत नाही. न जाणो."

लेक कॉलेजात सायन्सला होती आणि घरात जे चाललं होतं ते पाहून तिचा जीव खालीवर होत होता.

"आई, तू काल प्लग बदललास, नळी बदललीस, कार्बोरेटरचा स्क्रूही फिरवलास. आता सुधारली तर कुणामुळे सुधारली ते कसं कळणार?"

"सुधारली तर झालं ना. मला काय कुणाला बक्षीस द्यायचंय?"

"आणि नाही सुधारली तर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं. मग चालवून बघायचं."

टेलरबाईंना ते पटलं. मापाचंही तसंच असतं, गळा आणि खांदा दोन्ही एकदम बदलले की कुठे चुकलं ते कळत नाही. मग रोज एक. एका दिवशी टाकीचं झाकण सैल ठेवून गेल्या, आत हवा जात नसेल म्हणून. लॉन्ड्री. एका दिवशी जुना प्लग घालून. लॉन्ड्री. एका दिवशी पेट्रोलचं प्रमाण कमी करून. लॉन्ड्री, आणि वाटेत ढकलताना चप्पल तुटली. रोज निघायच्या आधी त्या गोल झाकण उघडून पॉइंट मऊ कापडाने पुसायच्या, आणि झाकण उघडलंच आहे तर नमद्याला तेल पाजायच्या. तो काही बदल नव्हता. ती देखभाल होती.

गल्लीला ऐन मोसमातला खेळ मिळाला होता. सलूनमध्ये पैजा लागू लागल्या. "टेलरबाई, आमच्यासाठी आज टाकीपर्यंतच जा, मी टाकीवर लावलीय," असं न्हावी दाढीचा साबण हातात घेऊन ओरडला, तेव्हा टेलरबाई म्हणाल्या, "तू जिंकलास तर गाडी तूच ढकलायची." त्या दिवसानंतर त्याने टाकीवर लावायचं सोडलं.

शुक्रवारी दुपारी त्या झाकण उघडून बसल्या होत्या. पॉइंट पुसून झाले होते. तेवढ्यात दारात बँकेचे साहेब आले, हातात पँट. कमरेत घट्ट होते म्हणे.

"आम्हीच शिवलीय ना ही?"

"तुम्हीच शिवलीत. आटली बहुतेक धुवून."

"कापड आटतं हो, पण पुढच्याच बाजूने आटलेलं मी पहिल्यांदा बघतेय. उभे राहा."

साहेब उभे राहिले, श्वास ओढून. टेलरबाईंनी टेप गुंडाळली आणि त्यांचा श्वास सुटेपर्यंत शांतपणे वाट पाहिली. मग साहेबांनी बदलीची, मुलाच्या परीक्षेची आणि साखरेच्या गोळ्यांची हकिगत सांगितली. ते गेले तोवर ऊन उतरायला लागलं होतं. टेलरबाईंनी घाईघाईने झाकण लावलं, हेल्मेट चढवलं आणि निघाल्या.

टाकी गेली. शाळेची भिंत गेली. लॉन्ड्रीचं वळण आलं तसे त्यांचे खांदे आपोआप आवळले गेले, मार बसणार हे माहीत असलेल्या माणसासारखे. गाडी शिंकली नाही. वळण मागे पडलं. लॉन्ड्रीवाला गरम इस्त्री हातात घेऊन रस्त्यात आला आणि तसाच उभा राहिला. चढ लागला. टेलरबाईंनी दुसरा गिअर टाकला आणि गाडी कुरकुर न करता चढू लागली. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेली, तिथे वळली आणि उतारावरून घरी आली.

मिस्टर दारातच उभे होते, कान रस्त्याकडे लावून. "कुठे होतीस? मला वाटलं, कुठेतरी पडलीबिडलीस!"

"वर," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी हेल्मेट काढलं. "वर जाऊन आले."

त्या संध्याकाळी घरात कुणी भाऊजींचं नाव काढलं नाही, तरी सगळे त्यांच्याबद्दलच हसत होते. जेवणं झाल्यावर टेलरबाई गाडीपाशी गेल्या. एवढी मेहनत केली बिचारीने. त्यांनी झाकण उघडलं, पॉइंट पुसले आणि नमदा टपटपेपर्यंत तेल पाजलं.

शनिवारी गाडी लॉन्ड्रीपर्यंतसुद्धा गेली नाही. शाळेच्या भिंतीपाशीच गचके खाऊ लागली आणि मेली. टेलरबाई किक मारून मारून घामाघूम झाल्या. तेव्हाच मागून मोटारीचा हॉर्न वाजला. काच खाली झाली.

"काय वहिनी, व्यायाम?" भाऊजींनी गॉगल कपाळावर चढवला. "सोडा आता तो नाद. सोमवारी सकाळी गठ्ठे बांधून ठेवा, मी येतो. शेडचं नंतर बोलू, तुम्ही काय नाही थोडंच म्हणणार आहात."

मोटार गेल्यावर भिंतीवर बसलेल्या पोरांकडे त्यांनी असं पाहिलं, की त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी गाडी खोलीत लावली आणि मशीनवर जाऊन बसल्या. गाऊन तर पुरे करायचेच होते, कुणाच्याही गाडीतून जावोत. मग लेकीने हळूच स्टूल पुढे ओढलं.

"काल गेली आणि आज गेली नाही. मग कालच्यात आणि आजच्यात काय फरक होता?"

"काही फरक नव्हता. तेच पेट्रोल, तोच प्लग, तीच मी."

"निघायच्या आधी काय काय केलंस ते सांग. कालचं."

"झाकण उघडलं. पुसलं. मग ते साहेब आले पोट घेऊन. मग झाकण लावलं आणि निघाले."

"आणि आज?"

"रात्रीच सगळं करून ठेवलं होतं. झाकण उघडलं, पुसलं, तेल..."

मशीन थांबलं.

"काल तेल राहिलं," टेलरबाई म्हणाल्या. मग लगेच, मोठ्याने, "पण म्हणून काय झालं? तेल दिल्याने कधी यंत्र बिघडतं का? जन्मात ऐकलं नाही मी असलं!"

"मी ऐकलं," आतून मिस्टर म्हणाले. "आत्ताच."

"तुम्ही गप्प बसा."

त्या उठल्या. झाकण उघडलं, दिवा जवळ घेतला. पॉइंट काळे होते आणि काळ्यावर तेल चमकत होतं. पुसलेल्या जागी तेल आलं कुठून? त्यांनी नमदा बोटाने दाबला. तेल सुटलं. इंजिन गार असतं तोवर ते जाड असतं, जागच्या जागी राहतं. गाडी चालली, तापली, की पातळ होतं आणि फिरणारा भाग ते गरगर उडवतो. कुठे? शेजारीच. ठिणगीच्या नेमकं तोंडावर. तिथे ते जळतं, काजळी धरते, आणि गाडी शिंकते. लॉन्ड्रीच्या वळणावर काही नव्हतं. तापायला तेवढाच रस्ता लागत होता. आणि काल रात्री लाडाने पोटभर पाजलं, म्हणून आज भिंतीपाशीच.

"म्हणजे मीच," टेलरबाई खाली बसत म्हणाल्या. "रोज मीच बंद पाडत होते. आणि रोज पुसून मीच चालू करत होते."

"फार चांगली सांभाळलीस ना," लेक म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. टेलरबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याही हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले, तर गालावर काळा पट्टा उमटला.

लेक म्हणाली, "चल, पुसून कोरडं कर, उद्या सकाळी वर जाऊन ये. झालं."

"नाही झालं." टेलरबाईंचा आवाज बदलला होता. "कालही मला वाटलं होतं, झालं. उद्या कोरडी चालवीन. चालली, तर परत तेल घालून चालवीन. तेलाने बिघडली, तर खरं. मला ती माझ्या हाताने बिघडवता आली पाहिजे. त्याशिवाय मी त्या माणसासमोर उभी राहणार नाही."

लेक आईकडे बघत राहिली. कॉलेजात हे तिला कुणी इतक्या तावाने सांगितलं नव्हतं.

रविवारी कोरड्या पॉइंटवर गाडी वर जाऊन आली. आल्याबरोबर टेलरबाईंनी नमद्याला तेल पाजलं आणि तशाच पुन्हा निघाल्या. इंजिन तापलेलंच होतं, गाडी टाकीपाशीच शिंकू लागली. टेलरबाई रस्त्याच्या कडेला थांबल्या, तिथेच झाकण उघडलं, खिशातल्या चिंधीने नमदा पिळून काढला, पॉइंट पेट्रोलने पुसून लखलखीत केले, नमद्यावर तेलाचं बोट नुसतं ओढलं आणि किक मारली. लॉन्ड्री, चढ, फाटक. लॉन्ड्रीवाल्याने दोन्ही हात वर केले. न्हावी कशावर तरी हरला.

सोमवारी सकाळी त्यांनी गठ्ठे मागच्या सीटवर ठेवले, कापडाच्या काठांच्या पट्ट्यांनी आडवेउभे आवळले. स्वतःसाठी जाड कापडाची पँट शिवली होती, गुडघ्याला दुहेरी. मिस्टरांनी हात फिरवून गाठी तपासल्या. जे समोर दिसत नव्हतं ते त्यांची बोटं बघत होती.

"डावीकडचा गठ्ठा जरा खाली आलाय. हं. आता बरोबर." मग हळू आवाजात, "चढावर गिअर बदलायची घाई करू नको. ती स्वतः सांगेल."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे. मला सांगायचं होतं."

भाऊजी गठ्ठे न्यायला यायच्या आतच त्या निघाल्या. लॉन्ड्रीसमोर खुर्ची नव्हती. लॉन्ड्रीवाल्याने ती आत नेली होती आणि तो नुसता दारात उभा होता, हाताची घडी घालून. चढावर पुढे विटांचा ट्रक लागला. तो मुंगीच्या पावलाने चढत होता आणि बाजूने जायला वाव नव्हता. टेलरबाई त्याच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये. इंजिनाची धग दुहेरी गुडघ्यातून लागत होती. अचानक फट फट असा आवाज आला. आली, शिंक आली. त्यांनी कान दिला. आवाज मागून येत होता. पट्टीचं एक टोक सुटून गठ्ठ्यावर आपटत होतं. टेलरबाईंनी ट्रककडे बघून एक अशी शिवी हासडली, जी लेकीने ऐकली नाही हे बरं झालं, आणि ट्रकच्या मागेमागे वर पोचल्या.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, अरुंद बोळाच्या टोकाला स्टोअर होतं. एक गठ्ठा खांद्यावर घेऊन त्या आत गेल्या, तर भाऊजी खुर्चीत. टेलरबाई गाडी घेऊन निघाल्याचं घरी कळताच, ती वाटेत बंद पडणार असं धरून ते थेट इथेच आले असावेत, बाहेरच्या मोठ्या रस्त्याने. त्यांची पाठ दाराकडे होती. टेबलावर टिचबटणांचा एक गाऊन पसरला होता.

"...वहिनींचं आता वय झालं, घरी डोळ्यांचा पेशंट," ते सांगत होते. "त्यांच्याच्याने वेळेवर होत नाही. आजचा माल काही येत नाही असं धरून चाला. पुढच्या वेळेपासून शेडमधून..."

टेलरबाईंनी गठ्ठा त्या गाऊनवर ठेवला. जरा जोरात.

"आला," त्या म्हणाल्या.

स्टोअरवाल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हेल्मेट, पँट, गालावर धूळ. "तुम्ही कोण?"

"हे गाऊन शिवते ती."

"अय्या, टेलरबाई! इतकी वर्षं तुमची शिलाई बघतेय, तोंड पहिल्यांदा बघतेय." त्यांनी गठ्ठा सोडला. "हे काय, ह्याला नाड्या आहेत. तुम्हीच ना बटणं सुचवली होती? हे म्हणाले, वहिनींचीच कल्पना."

भाऊजी टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले.

"ती माझी कल्पना नाही," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी टिचबटणांचा गाऊन गठ्ठ्याखालून ओढून काढला, एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर पसरला आणि खुर्ची बाईंपुढे सरकवली. "बसा. टेकून बसा. आता समजा, तुमचं ऑपरेशन झालंय आणि तीन दिवस असंच पडायचंय."

बाई टेकल्या. जरा हलल्या. पुन्हा हलल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "नाड्याच बऱ्या."

"वहिनी, हे घरात बोललो असतो आपण," भाऊजी म्हणाले.

"घरात बोलले होते. तिथून इथे येईपर्यंत बदललं."

स्टोअरवाल्या बाई हसू दाबत गाऊन मोजायला लागल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण दर सोमवारी कोण आणणार? माझं काम वेळेशी आहे. तुमची ती गाडी कधी बंद पडली तर?"

"तर उघडून बघेन का पडली ते, आणि चालू करून येईन," टेलरबाई म्हणाल्या. "ती कशाने बंद पडते ते मला माहीत आहे. पाडूनच बघितलीय."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी डगले थोडे मोठ्या मापाचे आणा. नवे डॉक्टर आडवे आहेत."

"किती आडवे? टेप आहे माझ्याकडे. बोलवा त्यांना."

उरलेले गठ्ठे आत देऊन त्या बाहेर आल्या, तोवर भाऊजी पुढे निघून गेले होते. मोठ्या रस्त्यावर लावलेली मोटार त्यांनी बोळात आणून मधोमध, मोटरसायकलच्या समोर तोंड करून उभी केली होती. दोन वॉर्डबॉय पायरीवर चहा पीत होते, ते बघू लागले.

"बसा, घरी सोडतो," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, पण हट्ट गेला नव्हता. "ही इथेच राहू द्या, मी टेम्पो पाठवतो. एकदा नशिबाने पोचलात. तापल्यावर चालू होणार नाही ती. उगाच चारचौघांत शोभा."

टेलरबाईंनी हेल्मेट चढवलं. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. इंजिनाने नुसता एक सुस्कारा टाकला. वॉर्डबॉयने चहाचा घोट तोंडातच धरला. भाऊजींनी मोटारीचं दार उघडून धरलं.

टेलरबाईंनी पेट्रोल बेताचं सोडलं, किकवर उभं राहून सगळं वजन टाकलं, आणि गाडी पेटली. बोळाच्या दोन्ही भिंतींत आवाज घुमला.

"भाऊजी," त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "मोटार मागे घ्या. माझा रस्ता अडलाय."

"वहिनी..."

"मागे घ्या."

बोळात वळायला जागा नव्हती. भाऊजी आत बसले, मान मागे वळवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून मोटार उलटी घेऊ लागले, मोठ्या रस्त्यापर्यंत. टेलरबाईंनी हॉर्न वाजवला नाही. मोटार वीतभर मागे गेली की त्या वीतभर पुढे जात होत्या.